शेवंतामावशीची चिमटी आणि डॉक्टरांची बुलेट

मावशी, आधी तुझं नाव. मग गुलाबभाऊंचं, कारण त्यांनी गॅरेजात उभं राहायला जागा दिली. मग डॉक्टरसाहेबांचं, कारण तीनदा रस्त्यात बंद पडलेली गाडी त्यांनी चौथ्यांदाही माझ्याच हातात दिली. पण पहिलं तुझं. शेवंताबाई, राहणार भंडारा, काम बिडी बांधणे. मला बुलेटचं टॅपेट सेटिंग तू शिकवलंस. एवढं एक वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली, आणि लिहिलं तेव्हा तू नाहीस. तुला वाचायला येत नव्हतंच म्हणा. मी वाचून दाखवलं असतं, आणि तू मध्येच म्हणाली असतीस, "हाव रे, समजलं. म्होरं सांग."

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नीट पार पडला. माणसं एवढी आली की अंगणात सतरंज्या कमी पडल्या. तुझ्या लेकानं मला दोन शब्द बोला म्हटलं. मी उठलो, हात जोडले आणि बसलो. तिथं जे बोलायचं होतं ते आता तुझ्याच ओसरीत बसून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. सातवीत शाळा सोडली तेव्हा जसं होतं तसंच आहे.

मी मुळात साताऱ्याकडचा, माणदेशातला. कालव्याच्या कामावर ठेकेदाराच्या मशिनींबरोबर इकडं आलो. काम बंद पडलं, टोळी माघारी गेली, मी एकटा राहिलो. परत जायला तोंड नव्हतं. घर सोडताना वडलांना म्हणालो होतो, "मशिनीचं काम शिकून दाखवतो." आणि दोन वर्षांत मशिनीला ग्रीस लावण्यापलीकडं काही शिकलो नव्हतो. तेव्हा बाविशीत होतो. गुलाबभाऊंच्या गॅरेजात काम मागायला गेलो, तर ते एका स्कूटरच्या पोटात डोकं घालून बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बुलेट येते का बे तुले?"

मी म्हणालो, "येते की."

बुलेट मी रस्त्यानं जाताना पाहिली होती, बस्स. पण भंडाऱ्यात तेव्हा बहुतेक गाड्या दोन-स्ट्रोकच्या. त्यांच्या इंजिनात झडपाच नसतात, म्हणून टॅपेट हा प्रकारच नसतो. बुलेटी सगळ्या मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्या आल्या की गॅरेजवाले "साहेब, नागपूरले न्या" म्हणून हात झटकायचे. गुलाबभाऊंना वाटलं, चला, बुलेटवाला सापडला. त्यांनीच मला तुझ्याकडं खोलीसाठी पाठवलं. तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि विचारलंस, "काय काम करते?" मी छाती काढून सांगितलं, "बुलेट मेकॅनिक." महिनाभरानं तुला खरं सांगितलं. मला बुलेटचं काही येत नाही हे भंडाऱ्यात एकट्या तुझ्यापाशी बोललो होतो.

डॉक्टरसाहेब म्हणजे जनावरांचे डॉक्टर. त्यांची गाडी आली ती अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलात. तक्रार काय, तर इंजिनातून टकटक आवाज येतो. "तो आवाज बंद करा," डॉक्टर म्हणाले, "गावात गेलो की बैल बुजतात." ते गेल्यावर गुलाबभाऊ म्हणाले, "बुलेटच्या धडधडीनं नाही बुजत, टकटकीनं बुजते म्हन्ते! जाऊ दे. आवाज बंद कर, साहेब खूश झाला का आपन खूश."

मी खोललं, चाचपडलं, कुठला नट काय करतो ते हळूहळू उमगत गेलं. इंजिनात दोन झडपा. एक हवा-पेट्रोल आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. प्रत्येकीला खालून एक लांब दांडी ढकलते, तिला पुशरॉड म्हणतात. दांडी आणि झडप यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, ती नेमकी करणं म्हणजे टॅपेट सेटिंग, आणि त्या फटीचाच तो टकटक आवाज. मी फट बुजवली. आवाज गेला. इंजिन असं गुळगुळीत चालायला लागलं की गुलाबभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री मी तुझ्याकडं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली, आणि आली ती बैलगाडीतून. ज्या बैलांना ती बुजवत होती, त्यांनीच तिला कारध्याच्या पुलावरून ओढत आणली. भर उन्हात चालता चालता बंद पडली, आणि मग किक पोकळ जायला लागली, आत काही दाबच नसल्यासारखी. गॅरेजात उतरवली तोवर थंड झाली होती. मी किक मारली आणि पहिल्या दणक्यात चालू! डॉक्टर माझ्याकडं बघतायत, मी गाडीकडं. मी प्लग बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पेट्रोलची नळी साफ केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गुलाबभाऊ ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. हात पुसत ते एवढंच म्हणाले, "सुभाष, आता चौथ्यांदा वापस आली, तं तू आपल्या गावी. मायं नाव खराब होऊन राहिलं."

गावी जाऊन वडलांना काय सांगणार होतो मी? की मशिनीनं मला परत पाठवलं?

डॉक्टरांच्या डिकीत गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं. ते बिचारे स्टुलावर बसून मला मराठी करून सांगायला लागले. झडपेची फट मोजायला पट्टी वापरायची नाही, तिथं पट्टी शिरतच नाही. दांडी दोन बोटांत धरून फिरवून बघायची. हवेची दांडी मोकळी फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. धुराच्या दांडीला मात्र जाणवेल-न-जाणवेल इतकी मोकळीक ठेवायची. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "समजलं?" मी म्हणालो, "समजलं." शब्द समजले होते. बोटांना काहीच समजलं नव्हतं. मला प्रत्येक वेळी दांडी सारखीच लागत होती.

एक जुनी, वाकडी दांडी घेऊन मी संध्याकाळी तुझ्या ओसरीत बसलो. तुझ्या मांडीवर सुपडं, सुपड्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. तुझी बोटं आपापली चालू होती. तू नुसती नजर टाकलीस.

"काय फिरवून राहिला रे? माळ जपतं का?"

"इंजिनाची दांडी हाय, मावशी."

"मंग तिले कायले फिरोते?"

"घट्ट हाय का सैल, बोटाला कळाय पायजे."

"अना कळत नाही?"

"न्हाई."

तू हसलीस ती एवढी की शेजारची म्हातारी कुंपणावरून बघायला आली. "एवढा घोडा झाला, अना चिमटी नाही आली तुले!" मग तू सुपड्यातनं तीन बिड्या उचलल्यास आणि माझ्या तळव्यावर ठेवल्यास. "डोळे मिट. कोनती आवळ, कोनती ढिली, कोनती बरोबर?"

तिन्ही चुकलो. पुन्हा तीन दिल्यास. पुन्हा चुकलो.

"तू दाबून पाहून राहिला न," तू म्हणालीस. "दाबल्यावर कोनतीबी आवळच लागन. धरू नको, नुसतं बोट टेकव अना फिरव. भेव वाटते का तुले तिचं? बिडी हाय ते, इचू नोय."

मावशी, मला हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळंच दाबून धरत होतो. पाना, स्क्रू, ताटातली भाकरी, रात्री झोपताना पांघरुणाचं टोकसुद्धा. निसटेल म्हणून. तू माझं बोट धरून बिडीवर टेकवलंस आणि म्हणालीस, "आता तिले बोलू दे."

रोज संध्याकाळी तेच. तू बांधायचीस, मी डोळे मिटून फिरवायचो. माझ्या हातून मोडलेल्या बिड्या तू बाजूला ठेवायचीस आणि शेजारच्या म्हाताऱ्याला द्यायचीस, "घ्या जी, सातारी बिडी." तोही रोज यायला लागला. चौथ्या दिवशी दहातल्या आठ बरोबर आल्या. तू सुपड्यातनं आणखी अवघड दहा काढून दिल्यास.

मग एकदा तू विचारलंस, गाडी गरम झाल्यावरच काहून बंद पडते? डॉक्टरांनी पुस्तकातनं वाचलेलं मी सांगितलं, गरम झाल्यावर आतलं लोखंड वाढतं, सगळं आवळतं, धुराची झडप पूर्ण मिटतच नाही, म्हणून दाब निघून जातो.

"हे तुले माहीत हाय?"

"हो."

"मंग थंडी असतानीच तिले जागा ठेवून दे न रे! आमी पान ओलं बांधतो. मंग ते भट्टीत जाते. भट्टीतून निंगाल्यावर कशी होईन, हे बांधतानीच धरा लागते. हातातली बिडी नाही पाहा लागत, भट्टीतली पाहा लागते."

मी हातातली दांडी पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग म्हणालो, "पण जागा ठेवली की आवाज येतो. आन डॉक्टरांना आवाज नको."

"मंग डॉक्टर चुकून राहिला," तू म्हणालीस, आणि दुसरं पान उचललंस.

जनावरांचा डॉक्टर, सरकारी माणूस, बुलेटचा मालक. तो चुकतो असं म्हणता येतं, हे मला त्या ओसरीत कळलं. मी आवाजालाच आजार समजत होतो. आणि मी एकटाच नव्हे, अख्खं गॅरेज तसंच समजत होतं. कारण आमच्याकडं येणाऱ्या बाकीच्या गाड्यांत असा आवाज येणं म्हणजे खरोखरच काहीतरी ढिलं झाल्याची खूण. तोच हिशेब आम्ही बुलेटला लावला होता.

शनिवारी संध्याकाळी मी गाडी ढकलत तुझ्या अंगणात आणली. गुलाबभाऊंना सांगितलं, घरी निवांत बघतो. रात्रभर ती चिंचेखाली थंड होत राहिली. रविवारी उजाडताच उजव्या बाजूचं खालचं छोटं झाकण खोललं. किक हळूहळू दाबत पिस्टन वर आणला, दोन्ही झडपा बंद असतील अशा जागी. आत दोन दांड्या शेजारी शेजारी उभ्या. हवेची जमली. धुराच्या दांडीवर येऊन मी अडलो. आता चुकलो तर थेट साताऱ्याची गाडी.

तू हात धुतलेस, पदर खोचलास आणि गाडीशेजारी उकिडवी बसलीस. "सरक."

"मावशी, हात काळे होतील."

"मायं हात कधी गोरे होते?"

दोन बोटं आत घातलीस आणि डोळे मिटलेस. "हे कोनती?"

"हवेची."

"बरोबर हाय. अना हे?"

"धुराची."

जरा वेळ गेला. चिंचेवर खारीची कटकट चालली होती. "आवळ हाय. लय नाही, थोडीच."

मी सैल केली. "आता?" "आता जमली." सेटिंग हलू नये म्हणून मी वरून लॉकनट आवळला. तू पुन्हा बोट लावलंस. "गेली पुन्हा." पुन्हा सैल, पुन्हा लॉकनट, पुन्हा गेली. असं चारदा झालं. तीन पाने, दोन हात आणि घामानं डोळ्यांत जळजळ. मी वैतागून पाना टाकला तेव्हा तू म्हणालीस, "अरे पोट्ट्या, सूत गुंडाळलं का बिडी आवळतेच. सुताच्या आंधी जराशी ढिली ठेवा लागते. तुया तो नट म्हंजे सूतच होय का नाही?"

लॉकनट आवळताना दांडी आवळली जाते, म्हणून आधीच तेवढी सैल ठेवायची. पुढं नऊ वर्षांत मी किती मेकॅनिकांना हे सांगितलं असेल! सगळ्यांना वाटलं, कुठल्या मोठ्या कारखान्यात शिकून आलाय.

पाचव्या खेपेला तू बोट फिरवलंस आणि बाहेर काढलंस. "घे. आता टाक भट्टीत."

सोमवारी डॉक्टरांना पवनीला जायचं होतं. गुलाबभाऊंनी मला मागं बसवून दिलं. "बंद पडली तं तूच ढकलत आनशीन." मे महिन्यातली दुपार, कारध्याचा पूल ओलांडला तेव्हाच टाकीला हात लाववत नव्हता. आणि इंजिनातून टकटक, टकटक. डॉक्टर मान वळवून म्हणाले, "आवाज आहे की रे अजून." मी म्हणालो, "असू द्या साहेब." असं उत्तर मी जन्मात कुणाला दिलं नव्हतं.

पवनीत त्यांनी गाडी उन्हातच लावली आणि एका अडलेल्या म्हशीकडं आत गेले. मी गाडीजवळच उभा राहिलो. ते बाहेर आले, हात कोपरापर्यंत धुतले, माझ्याकडं बघितलं. "मार किक."

मी पाय ठेवला. किक पोकळ गेली नाही मावशी! तिनं माझा पाय वर ढकलला, एखाद्या खोंडानं ढुशी द्यावी तसा. मग मी जोर लावला आणि एका किकेत गाडी उठली. डॉक्टर हसले. म्हशीचा मालक म्हणाला, "रेडकू बी झालं, गाडी बी झाली!"

परत आलो तर गॅरेजासमोर गुलाबभाऊ रस्त्यातच उभे. "बंद कर. आता पुन्हा मार." मी बंद केली, मारली, उठली. पुन्हा बंद, पुन्हा किक, पुन्हा उठली. शेजारचा पितळी भांड्यांचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आला, पानवाला आला. आणि तू. कारखान्यात बिड्या देऊन रिकामी टोपली घेऊन घरी चालली होतीस, तीही थांबलीस. डॉक्टर म्हणाले, "सगळं झकास. पण तो आवाज तेवढा..."

आणि गर्दीतनं तुझा आवाज आला, "आवाज नाही पायजे तं सायकल घ्या न जी साहेब!"

आख्खी गल्ली हसली. डॉक्टरही हसले, आणि त्या हसण्यात त्यांची तक्रार कायमची गेली. मी तुझ्याकडं बघितलं तर तू टोपली काखेत मारून निघालीही होतीस. मागं वळून बघितलं नाहीस, पण तुझी चाल त्या दिवशी वेगळी होती. मला ठाऊक आहे.

त्यानंतर बुलेटी यायला लागल्या. तुमसरहून आल्या, साकोलीहून आल्या. नागपूरला जाणारी गाडी भंडाऱ्यात थांबायला लागली. लोक म्हणायचे, "सातारी सेटिंग." मी वडलांना पत्र लिहिलं, मशिनीचं काम शिकलो. वडलांनी ते पत्र गावभर दाखवलं असं आईनं कळवलं. हे सगळं तुझ्या दोन बोटांतनं आलेलं.

आणि आता ते सांगतो, जे तुझ्यासमोर कधी नीट बोललो नाही.

त्याच पावसाळ्यात कारखान्यातल्या चार-पाच बाया गॅरेजासमोरून चालल्या होत्या, तू नव्हतीस. त्यातली पार्बताबाई थांबली. "काहो मेकॅनिक, आमची शेवंता म्हन्ते का डॉक्टरची बुलेट तिनं बनोली. खरं हाय का जी?" गुलाबभाऊ माझ्या शेजारी उभे होते. हो म्हणालो, तर पुढचा प्रश्न येणार, मग तुला काय येत होतं? मी हसलो. म्हणालो, "मावशी गंमत करती."

बाया हसत गेल्या. तेव्हापासून तुझं नाव 'बुलेटवाली' पडलं. "ये व बुलेटवाली, आज हवाईजहाज बनोते का?" तू ऐकून घेतलंस. घरी आल्यावर मला एवढंच विचारलंस, "तुनं काहून नाही म्हटलं?" मी म्हणालो, गुलाबभाऊंना कळलं तर काढून टाकतील. तू म्हणालीस, "आता येते न तुले. आता सांगाले काय होते?" मी म्हणालो, सांगतो. नऊ वर्षं आपलं हेच भांडण. दर दोन-चार महिन्यांनी तू विषय काढायचीस आणि मी सांगतो म्हणायचो. मधल्या काळात माझं लग्न झालं, शेजारीच बिऱ्हाड केलं, माझी पोरगी तुझ्या मांडीवर वाढली. भांडण मिटलं नाही, आणि तू मला कधी घराबाहेरही काढलं नाहीस. तू एकदाही त्या बायांसमोर जाऊन "तो खोटा हाय" म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

खोकल्यानं तू खाटेला लागलीस तेव्हा मी उशाशी बसलो होतो. "गुलाबले सांगतलं का?" तू विचारलंस. "सांगतो, मावशी." तू डोळे मिटून हसलीस. "सांगशीन, मी मेल्यावर."

तू जिंकलीस. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्याच दिवशी मी गुलाबभाऊंसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "भाऊ, आलो तेव्हा मला बुलेट येत नव्हती. मी खोटं बोललो होतो."

गुलाबभाऊंनी चष्मा काढला. "मले माहीत हाय बे. पहिल्याच दिवशी समजलो. खालचं झाकन सोडून तू वरचं झाकन खोलाले बसला होता."

"मग ठेवलं काहून?"

"कारन मले तं झाकन खोलून आत काय करा लागते, हेबी माहीत नव्हतं! मायापेक्षा तू बरा."

मावशी, मी हसलो की रडलो ते मलाच कळलं नाही. ज्या भीतीपायी तुला नऊ वर्षं खोटं पाडलं, ती भीती पहिल्या दिवसापासून कुणाच्याच कामाची नव्हती. मी त्यांना तुझं सगळं सांगितलं. अंगण, चिंच, सुताची गोष्ट. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मले सांगून काय फायदा? त्या बायांले सांग."

म्हणून परवा शनिवारी, एका धानगिरणीवाल्याची बुलेट रात्रभर थंड करून ठेवली होती, ती ढकलत मी बिडी कारखान्याच्या दारात नेली. बाया टोपल्या घेऊन ओळीत बसल्या होत्या. मी गाडी उभी केली, झाकण खोललं आणि मोठ्यानं सांगितलं, "पार्बताबाई, नऊ वर्सांमागं तुमी मला इचारलं होतं. डॉक्टरची बुलेट शेवंतामावशीनंच बनवली. मी खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. पार्बताबाई उठून पुढं आली. "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"भीत होतो."

"कोनाले?"

"सगळ्यांना."

"अना ते बिचारी मरेपर्यंत बुलेटवाली, बुलेटवाली ऐकत राहिली. आमीच म्हनत होतो न तिले." तिनं पदर तोंडाला लावला. मग तो झटकन खाली घेतला आणि म्हणाली, "कोठी हाय ते दांडी? दाखव."

मी मुद्दाम धुराची दांडी घट्ट ठेवली होती. काही न सांगता बाजूला झालो. पार्बताबाईनं बोट घातलं. "हे बरोबर. हे आवळ हाय." मागच्या बाईला पुढं केलं, तिनंही तेच सांगितलं. एकामागून एक पाच जणी आल्या, पाचही जणींनी त्याच दांडीवर बोट ठेवलं. मला शिकवायला तुझी चार दिवस डोकेफोड झाली होती, मावशी, आणि यांना एक मिनिट लागलं नाही. मालाची तपासणी करणारा कारकून आतनं ओरडला, "काय तमाशा लावला बाहेर?" पार्बताबाई ओरडली, "शेवंताची गाडी तपासून राहिलो जी, थांबा जरा!"

शेवटी तुझी भाची सिंधू पुढं आली. तिनं माझ्या हातनं पाना घेतला. मी कुठला नट ते दाखवलं, बाकी काही बोललो नाही. तिनं दांडी सैल केली, बोट लावलं, आणखी थोडी सैल केली आणि मगच लॉकनट आवळला. मी विचारलं, "जास्त सैल काहून केली?" ती माझ्याकडं असं बघायला लागली जसं मी अगदीच खुळा आहे. "नट आवळल्यावर आवळते न!"

मी किक मारली. टकटक करत गाडी उठली, आणि पुऱ्या ओळीतल्या बायांनी एकदम टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तुझ्या होत्या. नऊ वर्षं उशिरा आल्या, पण आल्या.

सिंधूनं विचारलं, "मले शिकोते का जी?" रविवारी कारखाना बंद असतो. ती या रविवारी येणार आहे. गुलाबभाऊ म्हणाले, लोक हसतील. मी म्हणालो, हसू द्या.

मावशी, तुझं ऋण मी एक दिवस फेडीन. सिंधू एकटीनं अख्खं इंजिन खोलून पुन्हा उभं करेल, आणि भर दुपारी पवनीहून तापून आलेली गाडी गॅरेजासमोर एका किकेत उठवेल. तेव्हा कुणीतरी विचारेल, या बाईला हे कुणी शिकवलं. त्या दिवशी मी तिथंच उभा असेन, गुलाबभाऊ शेजारी असले तरी आणि गिऱ्हाईक कुणीही असलं तरी. हसणार नाही, गंमत आहे म्हणणार नाही. तुझं नाव सांगेन.